जुनी टेबल सॉ कामाला लावताना: म्हसरूळच्या शेडमधील नोंदी

नाशिकच्या पंचवटीत पाडलेल्या एका वाड्याचे सागवानी वासे मिळाले होते. त्यांच्या पट्ट्या चिरून घराची दारे-खिडक्या करायच्या, हे मूळ काम होते; त्यासाठी लागणारे यंत्र आधी उभे करावे लागले. जुनी, स्थानिक बनावटीची टेबल सॉ, म्हणजे टेबलातून वर आलेल्या गोल पात्याने लाकूड चिरणारी करवत, घेऊन स्वतः बसवणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून या नोंदी तारखेनुसार ठेवल्या आहेत.

५ ऑक्टोबर २०२४

सातपूर औद्योगिक वसाहतीत बंद होत असलेल्या एका लहान फर्निचर कारखान्यातून यंत्र २८,००० रुपयांना घेतले. टेम्पो आणि हमाली मिळून आणखी २,२०० रुपये लागले. बिडाचे टेबल, २५४ मिलिमीटरचे म्हणजे दहा इंची पाते, मिनिटाला १४४० फेरे देणारी दोन अश्वशक्तीची सिंगल फेज मोटार आणि हातचाकाने पाते वर-खाली करण्याची सोय, एवढा ऐवज आहे. पात्यावर झाकण नाही, चीर मिटू न देणारी पात्यामागची पट्टी नाही, मोटारीच्या पट्ट्यावर आवरण नाही; चालू-बंद करायला भिंतीवरचा साधा स्विच होता आणि लाकूड टेकवून सरळ ढकलण्याची गाइड म्हणून लोखंडी अँगलचा तुकडा शिकंजाने आवळलेला होता. लाकूड कापण्यासाठी लागणारे सर्व काही यंत्रावर आहे, माणसाला वाचवण्यासाठी लागणारे काहीही नाही. आपल्याकडच्या बहुतेक लहान यंत्रांची हीच स्थिती असते, म्हणून पुढील कामाचा मोठा भाग या उणिवा भरून काढण्यात जाणार आहे.

प्लायला भोक पाडून त्याखाली मार्बल कटर उलटा बसवावा, पैसे वाचतील, असे अनेकांनी सुचवले. ते यंत्र ११० मिलिमीटरच्या चकतीचे, मिनिटाला बारा-तेरा हजार फेऱ्यांचे आणि दोन्ही हातांत धरून चालवण्यासाठी बनवलेले असते. ते उलटे बसवले की त्याचे मूळचे झाकण निघून जाते आणि पात्यामागे पट्टी बसवायला जागाच उरत नाही. तो विचार सोडून दिला.

८ ऑक्टोबर

पावसाळाभर बंद जागेत पडून राहिल्याने बिडाच्या टेबलावर गंजाचा थर होता. रॉकेल आणि ३२० नंबरचा पॉलिश पेपर यांनी तो काढला. त्यावर तेल लावून ठेवण्याची पद्धत आहे, परंतु तेल लाकडात उतरते आणि पुढे पॉलिश धरत नाही. त्यामुळे घट्ट मेणाचा हात दिला आणि कोरड्या कापडाने पुसला. टेबल गुळगुळीत असले की लाकूड ढकलायला जोर कमी लागतो, आणि जोर लावताना हात निसटण्याचा धोका तेवढाच कमी होतो.

यंत्राची जागा ठरवताना लाकडाची लांबी धरून विचार केला. आठ फुटी प्लाय चिरायचा तर पात्याच्या पुढे आठ फूट आणि मागेही आठ फूट मोकळी जागा हवी. शेडची लांबी वीस फूट आहे, म्हणून यंत्र बरोबर मध्यभागी, लांबीच्या दिशेने ठेवले. मागच्या बाजूला त्याच उंचीचे दुसरे टेबल उभे केले आणि ते यंत्रापेक्षा दोन मिलिमीटर खाली ठेवले, जेणेकरून बाहेर पडणाऱ्या फळीची कड अडणार नाही. फरशी एका कोपऱ्यात उतरती होती. पायाखाली पत्र्याचे तुकडे घालून पाणसळीने टेबल समतल केले आणि चारही पाय फरशीला बोल्टने आवळले.

१३ ऑक्टोबर

काल दसरा होता, पूजेसाठी सगळी हत्यारे बंद होती. आज विजेचे काम झाले.

घरापासून शेडपर्यंत २५ मीटर अंतर आहे आणि आधीची वायर १.५ चौरस मिलिमीटरची होती. दोन अश्वशक्तीची मोटार चालताना साधारण १० अँपिअर घेते, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहा पट प्रवाह खेचते. त्या झटक्यात या बारीक वायरीत सुमारे ३० व्होल्ट गळून पडत होते. मोटार घुमत राहायची, वेग घ्यायला वेळ लावायची आणि घरातला एमसीबी, म्हणजे प्रवाह फार वाढला की वीज तोडणारा स्विच, पडायचा. वायर बदलून ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची घेतली, तेव्हा गळती १२-१३ व्होल्टवर आली. एमसीबी बी प्रकारचा होता, जो ठरलेल्या प्रवाहाच्या तीन ते पाच पटीत लगेच पडतो. त्या जागी सी प्रकारचा १६ अँपिअरचा बसवला, तो पाच ते दहा पटीपर्यंत धरतो. एमसीबी पडतो म्हणून थेट ३२ अँपिअरचा बसवण्याचा सल्ला मिळाला होता. तसे केले असते, तर मोटार अडकली तरी तापत राहिली असती आणि संरक्षण नावापुरते उरले असते.

शेडसाठी स्वतंत्र अर्थिंग घेतले, मोटारीचे अंग आणि यंत्राचा सांगाडा दोन्ही त्याला जोडले आणि विजेची गळती झाली की वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला. वायर, अर्थिंग, साहित्य आणि मजुरी मिळून ९,६०० रुपये झाले. या खर्चात काटकसर करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

१९ ऑक्टोबर

आजची नोंद सर्वांनी वाचावी, असे वाटते.

साध्या स्विचवर चालणाऱ्या करवतीचा एक धोका असा, की काम चालू असताना वीज गेली, माणूस स्विच बंद करायला विसरला आणि अडकलेला तुकडा काढायला पात्याजवळ हात नेला, नेमकी तेव्हाच वीज आली, तर पाते फिरू लागते. यावर डीओएल स्टार्टर, म्हणजे मोटार सुरू-बंद करणारी बटणांची पेटी, हा सोपा उपाय आहे. वीज गेली की त्याची कॉइल सुटून मोटारीची जोडणी तुटते, आणि वीज परत आली तरी हिरवे बटण दाबल्याशिवाय मोटार सुरू होत नाही. शेतीपंपांमुळे नाशिकमध्ये असे स्टार्टर कुठेही मिळतात. १,९०० रुपयांना एक आणला.

जोडणी झाल्यावर चाचणी घेतली. टेबल रिकामे ठेवून यंत्र सुरू केले, मेन स्विच बंद केला, पाते पूर्ण थांबू दिले आणि मेन पुन्हा चालू केला. काहीही झाले नाही. काम उत्तम झाले असे म्हणत वायरमन अवजारे आवरू लागला. अर्धे-पाऊण मिनिट गेले असेल, तोच पेटीत ‘खट्’ असा आवाज झाला आणि पाते आपोआप फिरू लागले. आम्ही दोघेही तेव्हा टेबलापासून दूर उभे होतो.

स्टार्टरचे झाकण उघडल्यावर आत ऑटोचे लहानसे सर्किट जोडलेले आढळले. रात्री-अपरात्री वीज आली की विहिरीवरची मोटार आपली आपण सुरू व्हावी, ही द्राक्ष आणि कांदा पिकवणाऱ्या शेतकऱ्याची गरज असते, म्हणून पंपाच्या स्टार्टरला ऑटो लावण्याची पद्धत सर्वत्र आहे. दुकानदाराने हाही पंपासाठीच असणार असे समजून तयार जोडणी करून दिली होती. वीज आल्यावर दाब स्थिर होईपर्यंत ऑटो काही वेळ थांबतो आणि मग मोटार सुरू करतो. पंपासाठी हा विलंब चांगला आहे. करवतीच्या बाबतीत तो अतिशय घातक आहे, कारण त्या अवधीत माणसाला वाटते की यंत्र बंदच राहणार.

ऑटो काढून टाकला आणि चाचणी पुन्हा घेतली. या वेळी मेन चालू करून पाच मिनिटे दूर उभे राहून वाट पाहिली. ही चाचणी घेताना घाई करू नये. मोटारीवर जास्त भार आला की ती बंद करणारा ओव्हरलोड रिले मोटारीच्या पट्टीवर लिहिलेल्या प्रवाहावर लावला. पेटी टेबलाच्या पुढच्या बाजूला, डाव्या हाताशी बसवली आणि लाल बटणासमोर बिजागरीवर झुलणारी एक रुंद लाकडी फळी लावली. दोन्ही हात लाकडावर असताना नुसत्या गुडघ्याच्या धक्क्याने यंत्र बंद करता येते. हिरव्या बटणाला फळीत भोक ठेवले आहे, त्यामुळे ते मुद्दाम बोट घालूनच दाबावे लागते.

२४ ऑक्टोबर

पाते लाकडात शिरताना फार जोर लागत होता आणि कापलेली बाजू करपत होती. मोटारीवर चार इंची आणि पात्याच्या शाफ्टवर तीन इंची पुली होती, म्हणजे पात्याला मिनिटाला जेमतेम १,९२० फेरे मिळत होते आणि दात्यांचा वेग सेकंदाला २५-२६ मीटरच्या पलीकडे जात नव्हता. कार्बाइडच्या दात्यांना हा वेग अपुरा पडतो. मोटारीवर सात इंची पुली बसवल्यावर ३,३६० फेरे झाले आणि दात्यांचा वेग सेकंदाला सुमारे ४५ मीटर झाला. पुली बदलण्यापूर्वी पात्यावर कोरलेली कमाल फेऱ्यांची मर्यादा वाचणे आवश्यक आहे; या पात्याची मर्यादा ७,००० आहे.

पुली मोठी झाल्यामुळे पट्टाही लांब घ्यावा लागला. दोन्ही पुल्यांच्या कडांना दोरी ताणून त्या एका रेषेत आहेत का हे पाहिले, तेव्हा मोटार आठ मिलिमीटर बाहेर असल्याचे दिसले. पट्ट्याची एक बाजू झिजून त्याचा काळा भुगा खाली का साठत होता, याचा उलगडा त्यामुळे झाला. पट्ट्यावर जाळीचे आवरण बसवले. पुली, पट्टा आणि आवरण मिळून १,७५० रुपये लागले.

९ नोव्हेंबर

दिवाळीत सातपूरची लेथची दुकाने बंद असल्याने हे काम बरेच लांबले. सणासुदीच्या आधी शाफ्ट खोलून ठेवू नये, कारण नंतर यंत्र तसेच उघडे पडून राहते.

पाते फिरताना त्याची कड डोळ्यांना थरथरताना दिसत होती. पाते वाकडे असेल म्हणून नवे, २४ दात्यांचे, उभ्या चिरेसाठीचे पाते १,८५० रुपयांना आणले, तरी थरथर तशीच राहिली. टर्नरने सूक्ष्म फरक मोजणारे डायल गेज लावून पाहिले, तेव्हा दोष फ्लँजमध्ये निघाला. पाते ज्या चकतीला टेकते, तिच्या कडेला ०.०८ मिलिमीटरचा फरक होता. आकडा लहान वाटतो, परंतु फ्लँजची त्रिज्या ३० मिलिमीटर आणि पात्याची त्याच्या चौपटीहून अधिक, त्यामुळे दात्यांपाशी तोच फरक ०.३ मिलिमीटरच्या वर जातो. काप तेवढा रुंद आणि खडबडीत होतो.

फ्लँज शाफ्टवर चढवलेल्या स्थितीतच लेथवर धरून तोंड साफ केले. वेगळी काढून साफ केली असती, तर परत चढवताना नवा फरक आला असता. आता फ्लँजवर ०.०२ मिलिमीटर आहे. ६२०५ नंबरची दोन्ही बेअरिंगही बदलली. मजुरीसह १,५०० रुपये झाले. पात्याचा नट पाते फिरते त्याच दिशेने फिरवला की सुटतो आणि उलट दिशेने आवळतो. त्यामुळे सुरू होताना तो सैल न होता घट्टच होतो. नट हातभर लांबीच्या पान्याने आवळण्याची गरज नाही, त्याने फ्लँज पुन्हा बिघडते.

१२ नोव्हेंबर

आज पाते आणि टेबलावरील खाच (आडवे काप घेताना आडवी गाइड जिच्यात सरकते ती) यांची समांतरता लावली. संपूर्ण बसवणीत सर्वांत महत्त्वाचे काम हेच आहे, म्हणून कारण सांगतो. पात्याचे पुढचे दाते लाकूड खाली टेबलाकडे दाबतात आणि मागचे दाते खालून वर येतात. चिरून पुढे गेलेले लाकूड मागच्या दात्यांना घासले, तर ते उचलले जाते आणि मोठ्या वेगाने काम करणाऱ्याच्या दिशेने फेकले जाते. लाकूड उलटे येते तेव्हा त्यावर दाबलेला हातही अनेकदा पात्यावर ओढला जातो. म्हणून पात्याचा मागचा भाग जिथे लाकूड सरकते त्या रेषेत घुसता कामा नये.

मोजण्यासाठी एका दात्यावर खडूची खूण केली. पुढच्या बाजूला तो दाता खाचेपासून किती अंतरावर आहे हे डायल गेजने पाहिले, मग पाते हाताने फिरवून तोच दाता मागे नेला आणि पुन्हा मोजले. दोन वेगळे दाते मोजले तर त्या दात्यांमधला फरकही मापात शिरतो. अर्थात हे सर्व मेन बंद करून. फरक ०.६ मिलिमीटर निघाला, तोही मागे गाइडकडे झुकलेला. म्हणजे नको त्या बाजूला.

टेबलाखालचे चार बोल्ट सैल करून शाफ्टचा ब्रॅकेट लाकडी हातोडीने ठोकत सरकवला. बोल्ट आवळताना ब्रॅकेट पुन्हा हलत होता, आणि यातच दिवसाचा मोठा भाग गेला. शेवटी तीन बोल्ट सैल आणि एक किंचित आवळलेला ठेवला, त्या एका बोल्टाभोवती ब्रॅकेट फिरवला आणि मग उरलेले समोरासमोरच्या क्रमाने थोडे थोडे आवळले, तेव्हा फरक ०.०५ वर थांबला. ०.१ मिलिमीटरच्या आत आला की पुरे. त्यानंतर पाते वर-खाली करून गुण्याने टेबलाशी काटकोन तपासला.

१६ नोव्हेंबर

अँगलची गाइड काढून टाकली. ती फक्त पुढून आवळली जात असे आणि लाकडाचा दाब आला की मागचे टोक दोन-तीन मिलिमीटर सरकत असे. ७५ बाय ५० च्या चौकोनी नळीची नवी गाइड वेल्डरकडून करून घेतली. पहिली गाइड वेल्डिंगच्या उष्णतेने वाकली आणि मध्यभागी मिलिमीटरभर पोट आले. ती नीट करत बसण्याऐवजी नळीवर १८ मिलिमीटरच्या प्लायची पट्टी स्क्रूने बसवली आणि पोकळ जागी कागदाच्या घड्या घालून तिचे तोंड सरळ केले. पट्टी झिजली की बदलता येते, हा वरचा फायदा. गाइड खाचेशी समांतर लावली आणि मागचे टोक पात्यापासून किंचित, कागदाच्या जाडीइतके लांब ठेवले. पुढचे आणि मागचे अशी दोन्ही टोके आता आवळली जातात. खर्च २,४०० रुपये.

२३ नोव्हेंबर

पात्यामागची पट्टी, जिला रायव्हिंग नाइफ म्हणतात, तिचे काम सुरू केले. मोठे लाकूड हाताच्या करवतीने चिरताना जुने सुतार चिरेत पाचर ठोकतात, म्हणजे चीर मिटून करवत अडकत नाही. ही पट्टी म्हणजे यंत्रावर कायमची बसवलेली पाचर आहे. तिची जाडी पात्याच्या अंगापेक्षा जास्त आणि दात्यांच्या कापापेक्षा कमी हवी. माझ्या पात्याचे अंग २.२ आणि काप ३.२ मिलिमीटर आहे. पुठ्ठ्याचा साचा कापून आकार ठरवला: पात्याच्या गोलाईला धरून चालणारी कड, दात्यांपासून ३ ते ८ मिलिमीटरच्या दरम्यान अंतर, आणि वरचे टोक पात्याच्या माथ्याच्या किंचित खाली. पट्टी शाफ्टच्या ब्रॅकेटवरच बसवली, कारण पाते वर-खाली होते तेव्हा तिनेही बरोबर जायला हवे. टेबलाला बसवलेली पट्टी पाते खाली केले की दूर राहते आणि मधल्या मोकळ्या जागेत लाकूड मिटते.

अंबडला लेझरवर २.५ मिलिमीटरच्या साध्या लोखंडी पत्र्यातून पट्टी कापून घेतली. ओलसर आंब्याची फळी मुद्दाम चिरून पाहिली. अर्ध्यावर चीर मिटू लागली आणि पट्टी एका बाजूला वाकून फळी अडकली. लाकूड मागे फेकले गेले नाही, म्हणजे पट्टीने आपले काम केले. पण ती सरळ होण्यापलीकडे गेली. साधा पत्रा या कामाला चालत नाही.

३० नोव्हेंबर

सॉ मिलमध्ये बाद झालेल्या मोठ्या पात्याचे पोलाद २.८ मिलिमीटर जाडीचे मिळाले. त्यावर ड्रिल चालत नाही, म्हणून बोल्टची भोकेही लेझरनेच कापून घेतली. जाडी वाढल्यामुळे आता दोन्ही बाजूंना केवळ ०.२ मिलिमीटर मोकळीक उरते, आणि पट्टी पात्याच्या रेषेत तंतोतंत यावी लागते. पात्यावर पोलादी फूटपट्टी टेकवून पाहिली, तेव्हा पट्टी गाइडच्या बाजूला झुकलेली होती. पितळी पत्र्याचे बारीक तुकडे मध्ये घालून ती रेषेत आणली. दोन्ही पट्ट्या धरून १,६०० रुपये लागले. आंब्याचीच दुसरी फळी पुन्हा चिरली. चीर पट्टीवर मिटली, फळी ढकलायला जड झाली आणि सुरळीत बाहेर पडली.

४ डिसेंबर

पात्याभोवतीची मूळची लोखंडी झाकणपट्टी दोन्ही बाजूंना बोटभर मोकळी होती आणि पातळ तुकडे त्यात घुसत होते. १२ मिलिमीटर प्लायची नवी पट्टी खाचेत घट्ट बसवली, तिच्यावर पात्याच्या जागेपासून बाजूला एक जाड लाकूड ठेवून ते दोन शिकंजांनी टेबलाला आवळले आणि मग पाते फिरते ठेवून हातचाकाने हळूहळू वर आणले. पात्याने आपल्या मापाची फट स्वतःच कापून घेतली. हे करताना पट्टी हाताने दाबून धरू नये.

पात्यावरचे झाकण ६ मिलिमीटरच्या पॉलिकार्बोनेटचे केले असून ते भिंतीवरून आलेल्या आडव्या हातावर लटकते. त्यालाच भुसा ओढणारा पाइप जोडला. सागवानाच्या भुशाने कातडीला खाज आणि नाकाला त्रास होतोच, शिवाय लाकडाच्या धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगकारक ठरवले आहे. त्यामुळे पाइप असला तरी एन-९५ मास्क लावूनच काम करतो. झाकण आणि पाइप मिळून ३,८०० रुपये.

८ डिसेंबर

प्रथमच खरे काम केले, नव्या आणि सरळ सागवानावर. पाते लाकडाच्या वर दाताभरच ठेवले. उभे राहताना पात्याच्या सरळ रेषेत न थांबता डावीकडे थांबलो. शेवटचा फूटभर भाग हाताने न ढकलता खाच पाडलेल्या काठीने ढकलला, आणि तुकडा पट्टीच्या पूर्ण पलीकडे जाईपर्यंत ढकलणे थांबवले नाही. मध्येच सोडलेला तुकडाच उलटा येतो. हातमोजे घातले नाहीत, कारण दात्यात अडकलेला मोजा हातासकट ओढला जातो. लांब बाह्या, अंगठी, कडे काढून ठेवले, डोळ्यांवर चष्मा आणि कानांत बोळे घातले.

आडवे काप घेताना खाचेत सरकणारी आडवी गाइड वापरली आणि उभी गाइड बाजूला केली. माप एकसारखे यावे म्हणून दोन्ही एकत्र वापरण्याचा मोह होतो, पण कापलेला तुकडा उभी गाइड आणि पाते यांच्यामध्ये अडकतो आणि गोळीसारखा सुटतो. माप हवेच असेल, तर पात्याच्या बरेच अलीकडे गाइडवर ठोकळा आवळून माप घ्यावे, म्हणजे कापताना तुकडा मोकळा राहतो.

१५ डिसेंबर

वाड्याच्या वाशांना हात घातला. बाहेरचे खिळे आधीच काढले होते, तरी पहिल्याच वाशात ठिणग्या उडाल्या आणि दोन दाते तुटले. डोके झडून गेलेला हाताने घडवलेला चौकोनी खिळा लाकडात बोटाच्या पेराइतका खोल होता, आणि भोवतीचे लाकूड काळे पडून कठीण झाले होते. दाते पुन्हा बसवून धार लावायला ४५० रुपये गेले आणि पाते आठवडाभर मिळाले नाही. आता प्रत्येक वासा तारेच्या ब्रशने साफ करतो, चारही बाजूंनी धातुशोधक फिरवतो, काळे डाग पटाशीने उकरून पाहतो, आणि एक तरी खिळा शंकास्पद राहिला तर तेवढा तुकडा हाताच्या करवतीने काढून टाकतो. जुन्या लाकडासाठी जुने ४० दात्यांचे पातेच लावतो, म्हणजे नुकसान झाले तरी कमी होते.

२२ डिसेंबर

वासे शंभर टक्के सरळ कधीच नसतात. पीळ पडलेला वासा टेबलावर डुलतो, गाइडला दोनच ठिकाणी टेकतो आणि चिरताना फिरतो. झाकण, पट्टी सर्व असूनही असे लाकूड यंत्रावर घालू नये. टेबलाला टेकणारी एक बाजू सपाट आणि गाइडला टेकणारी एक कड सरळ, एवढे झाल्याशिवाय टेबल सॉ वापरायची नाही, हा नियम पाळला आहे. रंधा मारून ते करायला फार वेळ लागत होता. म्हणून १८ मिलिमीटर प्लायची सात फुटी सरळ पट्टी घेतली, वासा तिच्यावर ठेवला, डुलणाऱ्या जागी पाचरी सारल्या आणि पात्याच्या मार्गापासून दूर दोन टोकांना स्क्रूने आवळला. गाइडला प्लायची कड टेकते, वासा हलत नाही आणि पहिलाच काप सरळ मिळतो.

दुपारी एका वाशात चीर पट्टीच्या पुढे गेल्यावर एकदम मिटली. मोटारीचा आवाज खाली आला. गुडघ्याने फळी दाबून यंत्र बंद केले, पाते पूर्ण थांबेपर्यंत लाकूड दोन्ही हातांनी दाबून धरले, मेन बंद करून चिरेत पाचर ठोकली आणि मग वासा मागे ओढून काढला. वाशाच्या दोन्ही पट्ट्या नंतर धनुष्यासारख्या वाकल्या. इतक्या वर्षांच्या भाराखाली लाकडात बसलेला ताण असा सुटतो; त्यामुळे पट्ट्या आता मापापेक्षा पाच-सहा मिलिमीटर जास्त रुंद चिरतो, चार दिवस उभ्या ठेवतो आणि मग अंतिम माप घेतो.

१९ जानेवारी २०२५

बहुतेक वासे चिरून झाले. सर्व मापे पुन्हा घेतली. पात्याची समांतरता ०.०५ वरून ०.१५ वर गेली होती. टेबलाखालचा मागचा एक बोल्ट थरथरीने सैल झाला होता. चारही बोल्टांना स्प्रिंग वॉशर घातले आणि फरक परत ०.०५ वर आणला. गाइडच्या प्लायपट्टीला पात्याजवळ बारीक खळगा पडल्याने ती उलटी करून लावली. स्टार्टरची चाचणी पाच मिनिटे थांबून पुन्हा घेतली. अडीच इंचांहून जाड असलेले तुळईचे तुकडे या यंत्रावर दोन बाजूंनी उलटून चिरावे लागले असते, त्यात झाकण आणि पट्टी दोन्ही अडतात. ते बँड सॉवर, म्हणजे लांब पट्ट्यासारखे पाते फिरणाऱ्या करवतीवर, चिरून आणण्यासाठी वखारीत दिले आहेत.